कोल्हापूर : आधी गावाचे, मग पाहुण्याचे

कोल्हापुरात येणारा बहुतेक प्रवासी देवीचे दर्शन, मटणाचे ताट आणि चपलांचा एक जोड अशा तीन अपेक्षा घेऊन येतो आणि त्या एका दिवसात पुऱ्याही होतात. परंतु या तिन्ही गोष्टी प्रवाशासाठी निर्माण झालेल्या नाहीत, त्यांचे पहिले आणि सर्वांत चोखंदळ गिऱ्हाईक खुद्द कोल्हापूरकर आहे, हे ध्यानात आल्याखेरीज या शहराची गोडी नेमकी कशात आहे ते उमगत नाही.

अंबाबाईच्या मंदिराचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. काळ्या दगडाच्या या मंदिराचा जुना गाभा चालुक्य-शिलाहार काळाशी जोडला जातो. वरची शिखरे मात्र नंतरच्या काळातली आहेत. देवीची मूर्ती पश्चिमाभिमुख असल्यामुळे वर्षातून दोन वेळा, परंपरेने ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरून गरुड मंडप ओलांडतात आणि पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी वक्षस्थळापर्यंत व तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात; या सोहळ्याला किरणोत्सव म्हणतात. कधी ढग, कधी हवेतील आर्द्रता आणि कधी मार्गात उभी राहिलेली बांधकामे यांमुळे किरणे अडतात आणि ती यंदा कुठवर आली याची चर्चा शहरभर चालते. दर्शनाच्या रांगेतून घाईने पुढे सरकणाऱ्या पाहुण्याच्या वाट्याला हे सहसा येत नाही. त्याने निदान गाभाऱ्याला पाठ करून महाद्वाराच्या दिशेने एकदा पाहावे, म्हणजे बांधणाऱ्यांनी सूर्यास्ताचा केवढा विचार केला होता याची कल्पना येते.

मंदिराभोवतीच्या गर्दीच्या मानाने टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात शांतता असते, आणि हे अन्यायाचे वाटावे इतका त्या संग्रहाचा दर्जा मोठा आहे. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० च्या दशकात सापडलेल्या वस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. समुद्रापासून सह्याद्रीने तोडलेल्या या गावात भूमध्य सागराकडचा समुद्रदेव येऊन पोचला, तो सातवाहन काळात कोकणातील बंदरे आणि घाटमाथ्यावरची गावे यांना जोडणाऱ्या व्यापारामुळे. १८८४ साली पूर्ण झालेला, मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला नवा राजवाडा, त्याचा घड्याळाचा मनोरा आणि शिवचरित्रातील प्रसंग रंगवलेल्या काचांचा दरबार हॉल सगळेच पाहतात. पोसायडनची मूर्ती मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

खाण्याच्या बाबतीत कोल्हापूरवर बाहेरच्या जगाने एक गैरसमज लादला आहे. देशभरातील हॉटेलांत ‘कोल्हापुरी’ या नावाखाली केवळ तिखटजाळ पदार्थ वाढले जातात. प्रत्यक्षात कोल्हापुरी ताटाची रचना समतोलावर उभी आहे. हळद-मीठ घालून मटण शिजवले की जे सत्त्वयुक्त पाणी निघते त्याला अळणी म्हणतात, आणि याच अळणीपासून दोन अगदी भिन्न रस्से तयार होतात. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू यांसारख्या सौम्य गोष्टी पडतात व मिरीचा हलका चटका असतो. तांबड्या रश्शाला रंग आणि झणका येतो तो कांदा-लसूण मसाल्याने, ज्याला घरोघरी नुसते ‘चटणी’ म्हटले जाते. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, तिखटासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी यांचे प्रमाण प्रत्येक घराच्या सवयीने ठरवून, डंकावर कुटून ही चटणी वर्षभरासाठी भरून ठेवतात. भाकरी, सुक्के मटण आणि दोन वाट्या रस्सा समोर आल्यावर आलटून पालटून घोट घ्यायचे असतात. तांबड्याने पेटलेली जीभ पांढऱ्याने निवते, आणि केवळ तांबडा संपवून पाणी मागणाऱ्या पाहुण्याला खानावळीतला वाढपी पांढऱ्याची वाटी पुढे सरकवतो.

मिसळीतही हेच तत्त्व दिसते. मोड आलेल्या मटकीची उसळ, बटाटा, चिवडा, कांदा आणि वर कट, म्हणजे तर्रीदार झणझणीत रस्सा, अशी तिची घडण असून कट वेगळा मागून घेता येत असल्याने तिखटाचे प्रमाण खाणाऱ्याच्या हाती राहते. सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस देण्याची इथली जुनी रीत आहे. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध दिले जाते. तालमीतल्या पैलवानांच्या खुराकावर पोसलेल्या गावाची ही गरज होती आणि आहे. पाहुण्याला तिचा लाभ आपसूक मिळतो.

खरेदीत मात्र पाहुण्याने सावध असावे, कारण इथे गावाची पारख आणि पर्यटकाची घाई यांतील अंतर सर्वांत ठळकपणे जाणवते. अस्सल कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. तळ, टाच, कान, पट्टा, अंगठा असे तिचे भाग खिळ्याविना, चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, आणि पट्ट्यावरची बारीक वेणी विणण्याचे काम बहुधा घरातल्या स्त्रिया करतात. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनळी ही तिच्या घाटांची नावे आहेत. २०१९ साली या चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या नावाला दिलेले कायदेशीर संरक्षण, महाराष्ट्रातील ४ आणि कर्नाटकातील ४ जिल्ह्यांना मिळून आहे, कारण अथणी-निपाणीकडील कारागिरांशिवाय हा धंदा कधीच पुरा होत नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा या कंपनीने अशाच घाटाची पादत्राणे मंचावर आणली, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेख नसल्याबद्दल कोल्हापुरातून निषेध उठला आणि पुढे कंपनीने या भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. हा राग योग्यच होता. परंतु मेहनतीने कमावलेल्या कातड्याचा जोड हाती घेऊन त्याचे मोल पाडून मागणारा पाहुणाही त्या अन्यायात आपल्या परीने भर घालतो, हे बोलले गेले पाहिजे.

गुजरी या सराफी पेठेतला साज हा गळ्यातला दागिना आणि शाहूपुरीच्या बाजारपेठेमुळे नावारूपाला आलेला गूळ यांविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की, साजाच्या २१ पानड्यांपैकी १० दशावतारांच्या व ८ अष्टमंगलाच्या मानल्या जातात. आणि गूळ घ्यायचाच तर हिवाळ्यात एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन, चुलवाणावरच्या काहिलीत रस आटताना पाहून घ्यावा.

रंकाळा तलावाचा काठ हा कोल्हापूरकरांचा समुद्रकिनारा होय. स्पेनच्या बास्क प्रदेशातील सान सेबास्तियान या शहरात ला कोंचाच्या अर्धचंद्राकार किनाऱ्यावर राणी मारिया क्रिस्तिना हिच्यासाठी १८९३ मध्ये मिरामार राजवाडा बांधला गेला. रंकाळ्याकाठी १९३० च्या दशकात उभा राहिलेला शालिनी पॅलेस त्याची आठवण करून देतो, आणि दोन्ही ठिकाणी राजघराण्याच्या वास्तूपेक्षा संध्याकाळी पायी फिरणाऱ्या गावकऱ्यांनीच काठाला जिवंत ठेवले आहे. बास्क लोक एका मद्यगृहातून दुसऱ्यात जात, पावाच्या तुकड्यावर काडीने टोचलेले पिंचो नावाचे खाद्य उभ्याउभ्या खातात. रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यांभोवती तशीच वर्दळ असते. जुन्या दगडखाणीतून झालेल्या या तळ्यातील पाण्याच्या प्रदूषणाने कोल्हापूरकरांना अनेक वर्षे अस्वस्थ केले आहे, आणि त्यासाठी आवाज उठवणारेही फिरायला येणारे नागरिकच आहेत.

गावाची ही मालकी सर्वांत तीव्रतेने प्रकट झाली ती खासबाग परिसरात. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभे केले. मधला हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, आणि भोवती चढत जाणाऱ्या बैठका अशा रचनेमुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती अडथळ्याविना दिसते. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झाले, ज्याला पुढे ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळाले. त्या रात्री रस्त्यावर जमलेल्या कलावंतांच्या आणि सामान्य कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी होते. नाट्यगृह होते तसेच, त्याच जागी उभारावे ही मागणी लगेच पुढे आली आणि पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.