सेवाग्रामचे तर्कशास्त्र

सन १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय स्थापिले व त्यास महात्माजींचेच नाव दिले. परंतु वाचकहो, १९०९ चे ‘हिंद स्वराज्य’ उघडून पाहा! डॉक्टर व इस्पितळे यांवर असा भडिमार आहे की, वाचणाऱ्याने औषधाची बाटलीच फेकून द्यावी. आणि तेथे प्रवेशासाठी अनेक वर्षे गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका सोडवावी लागे!

आमचे दादा त्या परीक्षेस बसावयाचे होते. पुस्तक मिटून ते म्हणाले, “बाबा, हे पटले तर डॉक्टर कसा होऊ? न पटले तर पास कसा होऊ?”

बाबा कापसाचे आलेले पैसे तिसऱ्यांदा मोजीत होते. “अरे, फी भरण्यापूर्वी काय ते ठरव!”