झारीतला शुक्राचार्य आणि फ्रिजमधली बाई

सत्य सांगायला निघालेल्या माणसाला नेमकी वाक्याच्या मध्यावर चक्कर येते. मराठी मालिका पाहणाऱ्या कुणालाही ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. तिला नाव काय द्यायचं असं विचारलं, की मात्र प्रत्येक जण आपल्या आवडत्या मालिकेतल्या बेशुद्ध पडलेल्या पात्राचं नाव सुचवतो. आम्ही काही मित्रमंडळी मराठी मालिका, नाटकं आणि सिनेमांतल्या कथारूढींची एक छोटी विकी चालवतो. लेख कुणीही लिहावा, उदाहरणं कुणीही घालावीत. शीर्षकावरून जुंपली की प्रकरण माझ्याकडे येतं. हे काम मला कुणी दिलं नव्हतं, पण आता ते दुसऱ्या कुणाला नकोय.

या उद्योगातली सगळ्यात जाणती विकी म्हणजे ‘टीव्ही ट्रोप्स’. ती २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथली बरीच मंडळी ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकन मालिकेची भक्त होती. त्यामुळे सुरुवातीच्या नावांना त्या मालिकेचा वास होता. सगळ्या संकटांच्या मुळाशी बसलेल्या मुख्य खलनायकाला ‘बिग बॅड’ म्हणायची रीत त्या मालिकेने रुळवली आणि ती टिकली, कारण मालिका न पाहिलेल्यालाही ते नाव कळतं. पुढे जपानी ॲनिमेचे चाहते आले. एकमेकांसाठी जीव टाकणाऱ्या टोळक्याला त्यांनी ‘नाकामा’ म्हटलं. जपानीत हा सोबत्यांसाठीचा साधा, रोजचा शब्द. चाहत्यांच्या कानाला तो मंत्रासारखा वाटला. अखेर त्या लेखाचं नाव ‘ट्रू कम्पॅनियन्स’ झालं. नवं नाव बेचव आहे, पण ते वाचून कुणी चुकत नाही. पात्रांवरून नावं देऊ नयेत असा दंडकच पुढे तिथे आला.

मला हा दंडक पटायला वेळ लागला, कारण मराठीत नेमकं उलट दिसतं. झारीतला शुक्राचार्य, कळीचा नारद, शकुनीमामा ही सगळी पात्रांवरूनच पडलेली नावं, आणि त्यांच्यापेक्षा नेमकं नाव कुठल्या समितीला सुचलं नसतं. दान सोडायला निघालेल्या बळीच्या झारीच्या तोटीत शुक्राचार्य जाऊन बसले, एवढी गोष्ट ठाऊक असली की कुठल्याही कथेतला लपून काम अडवणारा माणूस झटकन सापडतो. पण आमच्याच विकीवर न्यू जर्सीत वाढलेल्या एका सदस्याने हा ऋषी झारीत काय करतोय म्हणून विचारलं, तेव्हा बफीच्या चाहत्यांचं काय झालं असेल ते कळलं. पात्रावरून दिलेलं नाव गोष्ट ठाऊक असलेल्यांच्या वर्तुळात उत्तम चालतं. वर्तुळ वाढलं की ते कोडं होतं.

मग उदाहरण काढूनच टाकावं का? लोककथांच्या अभ्यासकांनी तेही करून पाहिलं. स्टिथ थॉम्प्सनने १९३२ ते ३६ या काळात कथाबीजांची जी प्रचंड सूची छापली, तिच्यात शरीराबाहेर ठेवलेल्या जिवाला ‘ई ७१०’ हा क्रमांक आहे. आपण त्याला पोपटात प्राण म्हणतो. मेरी फ्रिअरने १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ छापलं. त्यातल्या गोष्टी तिला तिच्या आयाने, ॲना लिबराटा डिसोझा यांनी सांगितल्या होत्या, आणि त्यातल्या एका जादूगाराचा जीव असाच हिरव्या पोपटात आहे. क्रमांकाचा चुकीचा वापर होत नाही, हे खरं. त्याचा वापरच होत नाही. ‘टीव्ही ट्रोप्स’वर याच कल्पनेला ‘सोल जार’ म्हणतात: जिवाची बरणी. पोपट उडाला, पण रशियन लोककथेतल्या कोश्चेइचं अंडं आणि वोल्डेमॉर्टची डायरी दोन्ही त्या बरणीत बसतात. हे नाव मला मनापासून आवडतं, आणि तरी आमच्या विकीवर मी ‘पोपटात प्राण’च ठेवलंय. पोपट न दिसता ही कल्पना कुठल्या मराठी माणसाला सुचेल?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चटकदार नावांचा. १९९४ मध्ये ‘ग्रीन लँटर्न’ या कॉमिकच्या ५४ व्या अंकात नायक घरी येतो तर त्याच्या प्रेयसीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं. कॉमिक्समधल्या अशा बळी गेलेल्या स्त्रियांची यादी गेल सिमोनने १९९९ मध्ये ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ या नावाने मांडली. नायकाला हादरा बसावा एवढ्यासाठीच बाईला मारायचं, या सवयीला त्यातून नाव मिळालं. आता ‘टीव्ही ट्रोप्स’वर ‘फ्रिज लॉजिक’ नावाची आणखी एक गोष्ट आहे. ती हिचकॉकच्या एका बोलण्यावरून आली: सिनेमा पाहून घरी गेल्यावर, खायला काहीतरी काढताना, एकदम लक्षात येणारी कथेतली भोकं. दोन फ्रिज, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नवखा माणूस दोन्हींत एकच माल भरतो.

हसण्याआधी आपल्या घरात पाहावं. नाट्यशास्त्रात पताका म्हणजे मुख्य कथेला लांबवर साथ देणारं उपकथानक, रामकथेतल्या सुग्रीवासारखं. जटायूसारखा थोडक्यात आटोपणारा प्रसंग तो प्रकरी. इथवर झकास. पण पताकास्थानक पताकेहून निराळंच असतं: बोलणारा एका अर्थाने बोलतो आणि येऊ घातलेल्या दुसऱ्याच गोष्टीची चाहूल लागते. शिवाय नृत्यातली एक हस्तमुद्राही पताकच. भरताच्या हाताशी विकी असती, तर या शीर्षकांवर कुणीतरी नक्की खूण लावली असती.

नेथन रेबिन या समीक्षकाची गोष्ट तर जरा करुण आहे. ‘एलिझाबेथटाउन’ सिनेमातल्या नायिकेबद्दल २००७ मध्ये लिहिताना त्याने ‘मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल’ हे नाव काढलं. उदास तरुणाला जगायला शिकवण्यापलीकडे जिला स्वतःचं काही आयुष्यच नाही, अशी अवखळ मुलगी. नाव इतकं गोड, की जरा मोकळी वागणारी कुठलीही नायिका लोक त्यात टाकू लागले, १९३८ च्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’मधल्या कॅथरिन हेपबर्नपर्यंत. २०१४ मध्ये रेबिनने ते नाव काढल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. माझ्या मते खोट नावातच होती. त्यात ‘अवखळ’ आहे, ‘स्वप्नातली’ आहे. ‘स्वतःचं आयुष्य नसलेली’ हा कण्यासारखा भाग कुठेच नाही. लोक व्याख्या वाचत नाहीत, नाव वाचतात, आणि उरलेली व्याख्या मनानेच पुरी करतात.

म्हणून ‘टीव्ही ट्रोप्स’ची एक पद्धत मी उचलली आहे. एखाद्या नावाबद्दल तक्रार आली, की ते नाव जिथे जिथे वापरलं गेलंय त्यांतल्या पन्नासेक जागा तपासतात: बरोबर किती, चूक किती, आणि नुसतं नाव फेकून पुढे काहीच न लिहिलेल्या किती. चुका मोजून थांबत नाहीत, त्यांची जात पाहतात. ‘झॅनाटोस गॅम्बिट’ म्हणजे हरलो तरी माझाच फायदा, असा डाव. ‘गार्गॉइल्स’ या कार्टूनमधल्या खलनायकाचं नाव असल्याने लोकांनी कुठल्याही गुंतागुंतीच्या कारस्थानाला ते चिकटवलं. चुका अशा एकाच दिशेला झुकल्या की वापरणारे मूर्ख नसतात. नाव त्यांना तिकडे ढकलत असतं. नशिबावर सगळी भिस्त ठेवणाऱ्या कारस्थानाचं ‘झॅनाटोस रूलेट’ पुढे ‘गॅम्बिट रूलेट’ झालं. ‘झॅनाटोस गॅम्बिट’ हे नाव मात्र राहिलं, कारण ते फार दूरवर पसरलं होतं. बदललेलं जुनं नावही पुसत नाहीत, नव्याकडे वळवून ठेवतात. जुन्या सदस्यांचा राग निम्मा त्यानेच उतरतो.

सध्या माझ्यापुढे मालिकांतलीच एक खोड आहे. कुणीतरी गौप्यस्फोट करतं आणि मग कॅमेरा खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर जातो, पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या गड्यासकट, आणि दर चेहऱ्यागणिक ढाण्‌ढाण्‌ वाजतं. ‘तिहेरी झूम’ मी नाकारलं, कारण झूम नसला तरी चालतं आणि तीन हा आकडा कुणी पाळत नाही. ‘सासूबाईंचा धक्का’ला सगळ्यात जास्त मतं होती, ते ठेवलं असतं तर महिनाभरात सासूबाईंनी खाल्लेले आणि दिलेले सगळे धक्के तिथे जमा झाले असते. तूर्त मसुद्यावर ‘चेहऱ्यांची फेरी’ आहे. त्यात कुणीतरी लग्नाच्या हॉलमधला, सगळे पाहुणे हसत असलेला एक प्रसंग घातलाय. उदाहरण साफ चूक आहे. ते मी काढलेलं नाही. तसंच दुसरं कुणी घालतंय का, ते पाहतोय.