पिझ्झा, पेंटागॉन आणि चिऊ

वॉशिंग्टनला लोक व्हाइट हाऊससमोर फोटो काढायला जातात. मी गेले होते सोळा वर्षांच्या भाचीला कॅम्पवरून घरी आणायला. कॅम्पचा विषय काय? तर राष्ट्रीय सुरक्षा!

सोळाव्या वर्षी सुट्टीत तुम्ही काय केलं होतं, आठवतंय? मी एमएस-सीआयटी केलं होतं. आणि दोनदा सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाल्ली होती. बास! त्यामुळे न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं, म्हणजे ताईनं, जेव्हा फोनवर सांगितलं की आमची चिऊ उन्हाळ्यात ‘नॅशनल सिक्युरिटी’चा लीडरशिप प्रोग्रॅम करतेय, तेव्हा मला आधी हसूच आलं. अगं, ज्या पोरीला परवापर्यंत पालीची भीती वाटत होती, ती आता देश सांभाळणार?

अमेरिकेत असले प्रोग्रॅम बरेच असतात. हायस्कूलच्या पोरांसाठी कुणी डॉक्टरकीचा काढतं, कुणी वकिलीचा, कुणी सुरक्षेचा. घरी जाड कागदावर झोकदार पत्र येतं, ‘तुमच्या मुलीची निवड झाली आहे’ वगैरे. आई-बाबा खूश. मग खाली फीचा आकडा दिसतो. ताईनं तो सांगितल्यावर मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि गप्प बसले.

२०२५च्या जुलैत मी ताईकडे राहायला गेले होते. कॅम्प संपायच्या दिवशी नेमकी तिला रजा मिळेना. ‘तू जाशील का गं आणायला? तुझं वॉशिंग्टनही बघून होईल.’ मला काय, आयतीच ट्रिप! सकाळी मेट्रोपार्क स्टेशनवरून ट्रेन पकडली. जेमतेम तीन तासांत वॉशिंग्टनचं युनियन स्टेशन. कॉफी प्यायले, लिस्ट काढली. व्हाइट हाऊस, लिंकन, स्मिथसोनियनची म्युझियम्स (फुकट असतात, चुकवू नका!). परतीची ट्रेन रात्रीची.

कॅम्पच्या बसमधून पोरं उतरली आणि मी बघतच राहिले. ब्लेझर, गळ्यात बॅज, हातात सर्टिफिकेटची फाइल. त्यातली एक आमची. मी लांबूनच जोरात हाक मारली, ‘चिऊऊ!’ मॅडम तीरासारख्या आल्या. ‘मावशी, प्लीज! पब्लिकमध्ये नाही!’

सॉरी म्हटलं. बॅग स्टेशनवरच ठेवायला दिली आणि आम्ही मेट्रोत बसलो. मी लिस्ट दाखवली. तिनं ती उलटी करून मला परत दिली. ‘आपण पेंटागॉनला जाऊ. आणि मग वॉल. कॅम्पमध्ये बसनी गेलो होतो, पण फक्त ट्वेंटी मिनिट्स थांबलो.’

जाता जाता तिनं प्रोग्रॅमची गोष्ट सांगितली. सकाळी लेक्चर्स, दुपारी भटकंती आणि संध्याकाळी मेन आकर्षण, क्रायसिसचा खेळ. एक काल्पनिक बेट, तिथे बंड झालेलं, अमेरिकेचे काही नागरिक अडकलेले. पोरांना भूमिका वाटून दिलेल्या. कुणी राष्ट्राध्यक्ष, कुणी संरक्षणमंत्री, कुणी सीआयए, कुणी पत्रकार. चिऊ होती राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. ‘मावशी, मी सगळ्यांना कन्व्हिन्स केलं. म्हटलं, ट्रूप्स पाठवायचे. फाइव्ह थाउजंड.’

‘मग?’

‘मग आम्ही व्होट केला. लवकर करायला लागला, कारण पिझ्झा आला होता.’

ती हसली, मीही हसले. तेव्हा आम्हाला दोघींनाही तो जोकच वाटला होता.

खोटं कशाला बोलू, मी इम्प्रेस झाले होते. या पोरीला बरंच काही माहीत होतं. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९४७च्या कायद्यानं आली, हे तिनं मला सांगितलं. ऑक्टोबर १९६२मध्ये क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा केनेडींनी निवडक माणसांना घेऊन तेरा दिवस खल केला, हेही. सुरुवातीला बऱ्याच जणांचा कल हवाई हल्ल्याकडे होता. शेवटी ठरली ती समुद्रात नाकेबंदी आणि अणुयुद्ध टळलं. मी सहज विचारलं, ‘त्यांच्याकडे पिझ्झा उशिरा आला असेल का गं?’ यावर मात्र ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बोगद्याचा अंधार होता.

ब्लू लाइनवर पेंटागॉन नावाचंच स्टेशन आहे. बाहेर आलात की समोर ती अवाढव्य इमारत. पाच बाजू, पाच मजले, साडेसतरा मैलांचे कॉरिडॉर्स. बांधकाम सुरू झालं ११ सप्टेंबर १९४१ला. बरोबर साठ वर्षांनी, त्याच तारखेला, सकाळी नऊ सदतीसला तिच्या पश्चिमेच्या भिंतीवर विमान आदळलं. इमारतीचे फोटो काढायला मनाई आहे, मोबाइल पर्समध्ये टाका. पण त्या भिंतीजवळच्या स्मारकात कुणी अडवत नाही.

तिथे पुतळा नाही, तोफ नाही. रेतीत १८४ बाक आहेत, गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक. प्रत्येक बाकाखाली पाण्याचं छोटंसं कुंड. बाक ओळीनं लावलेत जन्मवर्षाप्रमाणे, १९३० पासून पुढे. नाव वाचायला उभे राहिलात आणि समोर इमारत दिसली, तर तो माणूस इमारतीत होता. समोर आकाश दिसलं, तर विमानात.

ऊन मी म्हणत होतं. आम्ही वर्षं वाचत चाललो होतो. एकाहत्तर वर्षांच्या माणसापासून सुरू झालेली ती रांग संपली १९९८वर. तीन वर्षांची मुलगी. समोर आकाश.

१९९८ माझं जन्मवर्ष आहे. मी तिथे जरा वेळ उभी राहिले. चिऊचा तर तेव्हा जन्मही नव्हता. ती म्हणाली, ‘लेक्चरमध्ये स्लाइडवर हंड्रेड अँड एटी फोर असं लिहिलं होतं. मी ते नोट्समध्ये घेतलंय.’ पुढे काही बोलली नाही.

तिथून परत ब्लू लाइनने फॉगी बॉटम आणि मग वीसेक मिनिटं चालत लिंकन मेमोरियल. पायऱ्यांवर हीऽऽ गर्दी! लिंकनसाहेबांना लांबूनच नमस्कार केला आणि शेजारच्या झाडीत शिरलो. व्हिएतनाम युद्धाचं स्मारक, म्हणजे चिऊची ‘वॉल’, लांबून दिसतच नाही. जमीन उतरत जाते आणि एका बाजूनं काळी भिंत वर येत जाते. आधी घोट्याएवढी, मग कमरेएवढी, मग डोक्याच्याही वर. अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं. हुद्दे नाहीत, गावं नाहीत, वय नाही. जो ज्या क्रमानं गेला, त्या क्रमानं नुसती नावं. दगड इतका गुळगुळीत की नावं वाचताना त्यात आपलाच चेहरा दिसतो.

हा दगड कुठला असेल? बंगलोरचा! खरंच. आपल्या शेजारच्या कर्नाटकातला काळा ग्रॅनाइट. आणि डिझाइन कुणाचं? माया लिन नावाच्या मुलीचं. १९८१मध्ये १,४२१ डिझाइन्समधून तिचं निवडलं गेलं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, येल विद्यापीठात शिकत होती. चिऊपेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठी.

स्मारकाच्या टोकाला जाडजूड डिरेक्टरी ठेवलेली असते, नाव शोधलं की पॅनेल नंबर मिळतो. चिऊनं सरळ ‘बी’ काढलं. कॅम्पमध्ये कुणीतरी तिला एक नाव सांगितलं होतं, पण बसची वेळ झाल्यामुळे शोधायचं राहिलं होतं.

डॅन बुलक. पश्चिमेकडची भिंत, पॅनेल २३.

हा नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेला, पुढे ब्रुकलिनला राहायला गेलेला मुलगा. मरीन कोअरमध्ये भरती व्हायचं म्हणून त्यानं जन्मदाखल्यावरची तारीख बदलली. भरती झाला सप्टेंबर १९६८मध्ये, वय वर्षं चौदा! मे १९६९मध्ये व्हिएतनामला पोचला आणि ७ जूनला मारला गेला. तिथे महिनाही झाला नव्हता. वय पंधरा. त्या युद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांत सगळ्यात लहान म्हणून ओळखला जातो तो हाच.

चिऊनं कागद-पेन्सिल घेतली. नावावर कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, अक्षरं उमटतात. अगदी आपण लहानपणी नाण्यांचे छाप काढायचो ना, तसंच. ती घासत होती. ब्लेझर कधीच काढून माझ्या हातात दिला होता. काळ्या दगडात तिचा चेहरा आणि त्यावर ती नावं.

‘मावशी,’ ती कागदाकडे बघत म्हणाली, ‘फाइव्ह थाउजंड म्हणजे किती पॅनेल्स होतील गं?’

मी काय सांगणार? मी सल्लागार नाही.

पण मला आमचा ग्रुप आठवला. जुन्या ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप, तुमचाही असेलच. ७ मे २०२५ची सकाळ. ‘ऑपरेशन सिंदूर’ची बातमी आली होती. पहलगामनंतर सगळ्यांच्याच पोटात आग होती, माझ्याही. ऑफिसला पोचेपर्यंत दोनशे मेसेजेस. आता थांबायचं नाही, पुढे घुसा, अजून मारा. मीही त्यात आगीचे तीन इमोजी टाकले आणि पोहे खायला गेले. त्या ग्रुपवर एकच जण गप्प होती. आमच्या अकाउंट्समधली मैत्रीण, तिचा धाकटा भाऊ सीमेवर आहे. चार दिवस तिनं एक अक्षर लिहिलं नाही. आमच्या लक्षातही आलं नाही. १० मेला गोळीबार थांबल्याची बातमी आली आणि त्यानंतर तिचा एकच मेसेज आला. ‘भावाशी बोलणं झालं. जेवलोय म्हणाला.’

कारवाई करू नये, असं माझं म्हणणं नाही. तेवढी अक्कल मला नाही आणि देशांना कधी कधी ती करावीच लागते. पण निर्णय घेणाऱ्यानं, आणि घरबसल्या टाळ्या वाजवणाऱ्यानंही, पिझ्झा थोडा थंड होऊ द्यायला काय हरकत आहे?

रात्रीच्या ट्रेनमध्ये मी विचारलं, ‘मग काय, अजून नॅशनल सिक्युरिटीतच जायचंय का?’ मला वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, ‘ऑफ कोर्स.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा होता, तो म्हणत होता की आधी बोट्स पाठवून आपल्या लोकांना काढू. मी त्याला बोलूच दिलं नाही. त्याला मेसेज करते.’ आणि केलाही. मग फाइल उघडून पेन्सिलीचा तो कागद सर्टिफिकेटच्या आत, नीट, घडी न घालता ठेवला.

बाल्टिमोर गेलं, फिलाडेल्फिया गेलं. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात डोळे मिटूनच तिनं विचारलं, ‘मावशी, त्याला घरी काय म्हणत असतील गं?’

मेट्रोपार्कला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाला ताई उभी होती. आम्ही दिसताच तिनं सगळ्या स्टेशनला ऐकू जाईल अशी हाक मारली, ‘चिऊऊऊ!’

लोकांनी वळून बघितलं. मी चिऊकडे बघितलं.

ती काही बोलली नाही. बॅग तिथेच सोडून आईकडे पळत गेली.