घरघर

आमच्या संगणकाला गेल्या उन्हाळ्यापासून घरघर लागली होती. माणसाला घरघर लागली म्हणजे आप्तेष्ट धावून येतात. ह्याला लागली तेव्हा पुण्याचा मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, आता नवा घ्या." यंत्र त्याचेच, शिकत असताना वापरलेले, आणि दर रविवारी त्याचे तोंड मला दिसते तेही ह्याच पडद्यावर. पण अलीकडे चार वाक्ये होतात न होतात तोच तो म्हणे, "मागे गिरणी चालू आहे का? काही ऐकू येत नाही. ठेवतो." खरे सांगायचे तर मीही 'बरं' म्हणून मोकळा होई. त्याची आई गेल्यापासून बोलायचे काय, हे आम्हां दोघांनाही नीटसे कळत नव्हते. गिरणी आयती सापडली होती.

दिवाळीची झाडलोट निघाली, तेव्हा म्हटले, ह्यालाही झाडू. दौलताबादेत राहणाऱ्याने धुळीची तक्रार करू नये. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे इथवर चालवीत आणली, तेव्हा उडालेली धूळ अजून बसायचीच आहे, असे मला कधीकधी वाटते. बाकीची वेरुळकडे जाणाऱ्या गाड्या उडवतात.

वायर काढली. आत उरलीसुरली वीज असेल ती जावी म्हणून कळ क्षणभर दाबून धरली नि पत्रा उघडला. पंख्याखाली धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा असतो. चिपची उष्णता त्या पट्ट्यांत चढायची आणि पंख्याने त्यांच्यामधून वारा घालवून ती बाहेर काढायची. इथे फटी बुजून वर घोंगडीसारखा थर बसलेला. वारा जाईना म्हणून चिप तापे. ती तापली की पंख्याला आणखी जोरात फिरण्याचा हुकूम सुटे. आणि जोरात फिरला की तो आणखी धूळ ओढून घेई. ओरडत होता तो गुदमरून.

मला किल्ल्यातली अंधारी आठवली. त्या भुयारी वाटेत शत्रू शिरला की वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर कोंडायचा, आणि ती आग फुलावी म्हणून वाऱ्यासाठी कातळात भोक पाडलेले. ज्याने ते खोदले त्याला वारा कळत होता.

तोंडाला पंचा बांधला. पात्यांत आगपेटीची काडी अडकवली; नाहीतर पंपाच्या वाऱ्याने पंखा भन्नाट फिरतो नि बिघडतो. मऊ ब्रशाने थर सुटा केला आणि सायकलच्या पंपाने लांबून वारा घातला. लोळा निघाला. त्यात कापसाचे तंतू होते, वातींचे असावेत, आणि एक लांब केस, निम्मा पांढरा, निम्मा मेंदीचा. तो लोळा वर्तमानपत्रावर ठेवून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. शेवटी टाकलाच.

रविवारी यंत्र चालू झाले की नाही, हे दिवा पाहून ओळखावे लागले. मुलगा पडद्यावर आला.

"आवाज गेला! नवा घेतलात?"

"नाही. झाडला."

मग दोघेही गप्प. रस्त्यावरून सीताफळवालीची हाक आली. ती पुण्यालाही ऐकू गेली.

"सीताफळं आली?"

"आली."

तो जरा थांबला. "आई डोळे उघडलेलंच फळ घ्यायची, नाही?"

"छे! ती कच्ची आणून तांदळात घालायची. तुला धीर नसायचा. रोज दाबून दाबून बघायचास."

"मी नाही, तुम्ही!" तो म्हणाला.

मी खुर्ची पुढे ओढली.