इंजिन बदलले, तरी गारवा टिकला

कृषी विस्तार अधिकाऱ्याने सुपारीच्या कोळेरोगावर बोलावे, भाताच्या करप्यावर बोलावे. मोटारीतल्या गार हवेशी त्याचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण गावात वावरणाऱ्या माणसाला असे हात झटकता येत नाहीत. ज्याच्यावर भरवसा बसला त्याला शेतकरी काहीही विचारतो. गेल्या उन्हाळ्यात चौलच्या एका बागायतदाराने मला असेच विचारले, “साहेब, गाडीचं इंजिन बदललं, तर एसी गेला. आता आईला अलिबागला न्यायचं कसं?”

गाडी जुनी अँबॅसडर. ही गाडी तयार होणे 2014 सालीच थांबले, पण आमच्या किनाऱ्यावर एखाद्या वाडीत ती अजून उभी दिसते. जुने इंजिन तेल पिऊ लागले म्हणून दादांनी आंब्याच्या पैशांतून अठराशे सीसीचे जुने इसुझू इंजिन आणून बसवले. निवड चांगली होती. कंपनीच पुढे पुढे हे इंजिन या गाडीत देत असे. पण गॅरेजवाल्याने एसीचा कॉम्प्रेसर काढून डिकीत टाकला आणि “एसी आता विसरा” म्हणून मोकळा झाला. आईला दम्याचा त्रास. काच उघडली की रस्त्याची धूळ, बंद केली की वैशाखातला घामट उकाडा. त्यामुळे तिच्या बाबतीत एसी ही चैन नव्हती.

मी म्हटले, “दादा, गाडीचे राहू द्या, आधी आपल्या वाडीतल्या पंपाचे बघू.” ऑइल इंजिनावर पंप चालवलेल्या माणसाला हे कोडे अवघड नाही. इंजिन फिरवते, पट्टा ओढतो, पंप पाणी फेकतो. गाडीतही तेच. पाण्याच्या पंपाच्या जागी कॉम्प्रेसर आहे आणि तो पाण्याऐवजी वायू दाबतो, एवढाच फरक. त्यासाठी इंजिनाची साधारण तीन-चार अश्वशक्ती खर्ची पडते. इंजिन बदलले म्हणून एसी बिघडत नाही. बिघडतो तो दोघांमधला सांधा.

पंप दुरुस्त करणाऱ्या रेवदंड्याच्या वेल्डरला आम्ही बोलावले. त्याने पहिलीच गोष्ट मोलाची सांगितली. पंप आणि इंजिन एकाच चौकटीवर घट्ट हवेत, नाही तर पट्टा उतरतो. गाडीचे इंजिन रबरांवर बसलेले असते, ते हलते. म्हणून कॉम्प्रेसरची पकड इंजिनालाच बोल्टने बसवायची, गाडीच्या सांगाड्याला नव्हे. म्हणजे दोघे एकत्र हलतील. पकड जाड पत्र्याची हवी. वायूच्या नळ्या तिथे लवचीक हव्यात, आणि त्या धूर निघणाऱ्या तापल्या नळीपासून दूर हव्यात.

दुसरी गोष्ट पुलीची. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही, हे दोरी ताणून पाहावे. पुलीचा आकारही जुन्याशी ताडून घ्यावा. इंजिनाची पुली लहान निघाली तर कॉम्प्रेसर सावकाश फिरतो आणि गाडी उभी असताना गारवा येत नाही. फार मोठी निघाली तर तो भरधाव फिरून लवकर झिजतो.

तिसरी गोष्ट, एसी चालू होताच इंजिनावर ओझे पडते आणि उभ्या गाडीत ते धापा टाकून बंद पडते. त्या वेळी फेरे थोडे वाढवणारे छोटे उपकरण मिळते, ते बसवून घ्यावे. रेडिएटरपुढची एसीची जाळी आणि पंखा यांचाही मेळ हवा. पंखा रेडिएटरपासून लांब पडला तर भोवती पत्र्याचे आच्छादन करावे. नाही तर कार्लेखिंडीच्या चढावर इंजिन तापलेच म्हणून समजा. आमच्या खाऱ्या वाऱ्याने ही जाळी कुजते. ती अधूनमधून गोड्या पाण्याने, जोराची धार न मारता, धुवावी.

एवढे झाले की वेल्डरने हात आवरावा. वायूचे काम मात्र एसीच्या कारागिराचे. सोनारानेच कान टोचावे. नळ्या उघड्या राहिल्या तर आपली दमट हवा आत शिरते. ओलावा आत राहिला की बर्फ होऊन वाट तुंबते आणि आम्ल होऊन धातू खातो. म्हणून नळी सुटताच तोंड बंद करावे, ओलावा शोषणारी डबी नवी घालावी, पंपाने आतली हवा पुरती ओढून काढावी आणि मगच वायू तोलून भरावा. जुन्या गाड्यांत आर-12 वायू असे. तो पृथ्वीभोवतीचे ओझोनचे कवच फाडतो म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर हळूहळू बंद झाला. त्याच्या जागी आर-134ए घालायचा तर कॉम्प्रेसरचे तेलही त्याला चालणारेच लागते. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणारे लोक आहेत. त्यांना दारातही उभे करू नये, तो पेट घेतो.

दादांच्या गाडीत हे सारे बसले. आई काचा बंद करून अलिबागला जाऊन आली आणि म्हणाली, “आज खोकला नाही आला गो बाय!” सूनबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मला पिकाच्या स्पर्धेतही क्वचित दिसते.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी जगवत असेल तर खर्चाचा आकडा आधी कागदावर मांडा. इंजिन घेतानाच ते एसी असलेल्या गाडीतले बघा आणि त्याची पकड, पुली व कॉम्प्रेसर सोबत मागून घ्या. निम्मी डोकेदुखी तिथेच वाचते. खरेदीची पावती जपा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. आपल्याकडे ते पेणला आहे. विमा कंपनीलाही कळवा. आणि एसीचे काय करणार, हा प्रश्न गॅरेजवाल्याला जुने इंजिन उतरवण्यापूर्वी विचारा. नांगर धरण्याआधी जमिनीचा वाफसा बघतो, तसेच हे आहे.