गडाच्या पायऱ्या, मांडीचं बळ

वणीच्या सप्तशृंगीचं नवरात्र आटोपलं की माझ्याकडे गडाहून परतलेले गुडघे येतात. पायऱ्या पाचशेच्या आसपास. “चढताना काही वाटलं नाही, उतरताना मात्र जीव गेला,” हे फिजिओथेरपिस्ट म्हणून मी दरवर्षी ऐकते. गेल्या वर्षी निफाडकडच्या, द्राक्षबागेत राबणाऱ्या एक मावशी आल्या. म्हणाल्या, “ताई, गुडघ्यातलं वंगण संपलंय. आता बसूनच राहायचं.”

मी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. त्या पुढे झुकल्या, दोनदा झोका घेतला आणि शेवटी तळहात मांडीवर दाबूनच उठल्या. टेपने मोजलं, तर दुखऱ्या पायाची मांडी दोन सेंटिमीटरने बारीक भरली. एक्स-रेमध्ये झीज होतीच. पण झीज आणि दुखणं यांचं प्रमाण नेहमी जुळत नाही. दुखतं म्हणून पाय वापरायचा नाही, न वापरल्याने स्नायू सुकतो आणि मग अधिकच दुखतं, या चक्रात त्या अडकल्या होत्या.

पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण साडेतीन पट भार येतो. साठ किलोच्या बाईच्या गुडघ्यावर दोनशे किलोंहून जास्त! त्या वेळी मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा स्नायू ताणला जात जात ब्रेकचं काम करतो. तो दुबळा असला की प्रत्येक पायरीचा हादरा सांध्याला बसतो. आणि वंगणाचं म्हणाल, तर सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. भार पडला की ती स्पंजासारखी दबते, भार उतरला की सांध्यातला द्रव शोषून घेते. हालचाल हेच तिचं जेवण. बसून राहिल्याने ती उपाशी राहते.

मावशींना मी चार गोष्टी दिल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि पाच अंक मोजायचे. उताणं झोपून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं. शेवटी घराच्या ओट्याची एकच पायरी, आधार धरून चढायची-उतरायची. प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. झेपेल तसं वाढवायचं. थोडं दुखलं तर चालतं. पण दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल, तर व्यायाम कमी करायचा. गुडघा सुजला, गरम लागला, अडकला किंवा एकाएकी लचकू लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं.

पहिल्या महिन्यात फरक जाणवला नाही, म्हणून त्या सोडून द्यायला निघाल्या होत्या. स्नायू भरायला दोन-तीन महिने लागतात, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तिसऱ्या महिन्यात त्या हात छातीशी धरून खुर्चीतून उठल्या. यंदाच्या चैत्रात गड उतरल्या, कठड्याला धरून, पण न थांबता.

गडावर 2018 पासून ट्रॉली आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण पाय शाबूत असताना पायऱ्यांची भीती बाळगू नका. दिवाळीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत पाच महिने हातात आहेत. फराळाचं ताट बाजूला ठेवाल तेव्हा हात न टेकता खुर्चीतून उठून बघा. जमलं नाही, तर सुरुवात आजच करा.