दोन शब्द बोला!

मराठी माणूस मुखदुर्बळ आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. लोकलच्या डब्यात, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत त्याची वाणी कशी दुथडी भरून वाहत असते! देशाचे अंदाजपत्रक कुठे चुकले, क्रिकेटच्या संघात कोणाला घ्यायला हवे होते आणि नव्या सूनबाईंच्या पुरणपोळीत नेमके काय कमी पडले, या तिन्ही विषयांवर तो सारख्याच अधिकाराने बोलतो. पण ह्याच गृहस्थांना एखाद्या समारंभात कोणी नुसते म्हणावे, "आपणही दोन शब्द बोला ना!" की गृहस्थ एकाएकी चहाच्या कपाचे निरीक्षण करू लागतात. घसा खाकरतात. "छे, छे, मी काय बोलणार?" असे पुटपुटत शेजाऱ्याला पुढे ढकलतात. मला तर वाटते, आपल्या भाषेतले सर्वांत भीतिदायक वाक्य हेच असावे.

ही भीती घालवण्यासाठी आमच्या कॉलेजात तीन वर्षांपूर्वी एक मंडळ निघाले. कल्पना आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांची. त्यांची मुलगी संगणकाच्या एका कंपनीत नोकरी करते. लहानपणी पाहुणे आले की ही मुलगी स्वयंपाकघरात लपायची. तीच आता शंभर माणसांपुढे उभी राहून न अडखळता बोलते, हे पाहून प्राध्यापकमहाशय चकित झाले. चौकशी करता कळले की तिच्या कचेरीत 'टोस्टमास्टर्स'चा क्लब आहे. "जे कचेरीला जमते, ते कॉलेजला का जमू नये?" असे म्हणून त्यांनी स्टाफरूममध्ये चिठ्ठी फिरवली. अटी दोनच. भाषा मराठी, आणि प्राध्यापक, ग्रंथपाल, लेखनिक, प्रयोगशाळेतले सेवक या सर्वांना दार एकच.

टोस्टमास्टर म्हणजे मेजवानीत कोणाच्या सन्मानार्थ पेला उंचवायचा, हे पुकारणारा माणूस. त्या नावाचा क्लब राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी 22 ऑक्टोबर 1924 रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना गावी, तिथल्या वायएमसीएमध्ये सुरू केला. तरुण पोरांना चार लोकांत नीट बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही, हे त्यांना खटकत होते. त्यावर त्यांनी योजलेला उपाय मोठा साधा होता. शिक्षक नाही, परीक्षा नाही. सभासदांनीच आळीपाळीने बोलायचे आणि सभासदांनीच एकमेकांचे गुणदोष सांगायचे. 2024 साली या प्रकाराला शंभर वर्षे पूर्ण झाली. तरी त्याचा साचा फारसा बदललेला नाही.

आम्हीही तोच साचा उचलला. दर बुधवारी, तास संपल्यावर, रसायनशास्त्राच्या वर्गात आम्ही जमतो. आधी तयारी करून आणलेली भाषणे. प्रत्येकी पाच ते सात मिनिटे. मग आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बोलणे. एक ते दोन मिनिटे. शेवटी परीक्षण. एकजण घड्याळ घेऊन बसतो आणि हिरवा, पिवळा, लाल असे तीन पुठ्ठे क्रमाने दाखवतो. (आमचे पुठ्ठे जुन्या फायलींच्या पाठी कापून, रंगवून केलेले आहेत.) दुसरा एकजण वक्ता कितीदा अडखळला, त्याच्या रेघा ओढतो.

मी मराठीची प्राध्यापिका. वीस वर्षे दिवसाकाठी तीन-चार तास बोलून पोट भरणारी. तेव्हा साहजिकच सगळ्यांना वाटले, बाईंना ह्यात शिकण्यासारखे काय असणार? पण गंमत अशी की, व्याख्यान देणे आणि बोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या वर्गात प्रथमच कळले. वर्गातल्या व्याख्यानाला केवढे संरक्षण असते! पुढ्यात टेबल असते, हातात पुस्तक असते आणि हजेरीपटाच्या धाकाने श्रोते जागेवर बसलेले असतात. इथे मला चिठ्ठी मिळाली, तिच्यावर एकच शब्द होता: 'छत्री'. समोर ना टेबल, ना पुस्तक. आणि ऐकणारे सारे माझ्याबरोबर एकाच मस्टरवर सही करणारे. त्या दोन मिनिटांत माणसाला आपला स्वतःचा आवाज ऐकू येतो. हा अनुभव अंमळ अस्वस्थ करणारा असतो खरा. पण तो ज्याने घेतला नाही, त्याने व्यासपीठावरच्या कोणालाही हसू नये.

अडखळण्याचा हिशेब मात्र फार मनोरंजक असतो. इंग्रज 'अ' आणि 'अम्' करीत थांबतो. आपण थांबतसुद्धा शब्दांत! 'म्हणजे', 'तर', 'असं आहे की', 'काय झालं माहीत आहे का', हे आपले विसावे. आणि सर्वांचा राजा म्हणजे 'हे'. "ते हे आण, त्या ह्याच्यावर ठेवलेलं," या वाक्यात नाम एकही नाही. तरी घरातला कोणताही मुलगा बिनचूक अडकित्ता आणून देतो. घरी चालणारे हे चलन सभेत मात्र चालत नाही. तिथे वस्तूचे नाव घ्यावे लागते. आमच्या ग्रंथपालांनी पहिल्या दिवशी चार मिनिटांत बावीस वेळा 'म्हणजे' म्हटले होते. आज ते तीन-चारांवर आले आहेत आणि घरी त्यांची पत्नी म्हणते, "तुम्ही हल्ली फारच थोडं बोलता!"

पण मला सांगायचे आहे ते आमच्या खिडकीतल्या बाईंविषयी.

या बाई गेली सत्तावीस वर्षे आमच्या कॉलेजच्या फीच्या खिडकीमागे बसत आहेत. त्यांची ठरलेली वाक्ये तीनच: "सुटे द्या", "पावती जपून ठेवा" आणि "उद्या या". मंडळात त्या आल्या त्या घड्याळ सांभाळण्यासाठी. सात महिने त्यांनी तोंड न उघडता पुठ्ठे दाखवले. आठव्या महिन्यात एका बुधवारी वक्ता आला नाही. तेव्हा त्यांनी घड्याळ शेजारी दिले आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

विषय होता त्यांची खिडकी. त्या म्हणाल्या, "मला इतकी वर्षे मुलांचे चेहरे दिसलेच नाहीत. त्या जाळीच्या फटीतून दिसतात ते हात." मग त्यांनी हातांविषयी सांगितले. शाईने माखलेले हात. मुलीची फी भरायला आलेल्या बापाचे, सिमेंटने भेगाळलेले हात. घामाने ओली झालेली नोट पुनःपुन्हा सरळ करणारे हात. कोण हप्ता मागणार, हे आपल्याला त्याने तोंड उघडण्याआधी हातांवरून कळते, असे त्या म्हणाल्या. हल्ली फी फोनवरून भरतात. खिडकीशी क्वचितच कोणी येते. "पैसे वेळेवर येतात," त्या म्हणाल्या, "पन हात दिसत नाहीत." लाल पुठ्ठा दाखवण्याचे कोणाला भानच राहिले नाही.

परीक्षणाच्या वेळी एका तरुण सहकाऱ्यांनी भाषणाची मनापासून स्तुती केली आणि शेवटी सद्भावनेनेच सुचवले की, बाईंनी 'पन' आणि 'पानी' तेवढे सुधारावे. बाईंची मान खाली गेली. मला वाटले, आता ही मान पुन्हा वर येणार नाही. त्या दिवशी भाषेकडे लक्ष देण्याचे काम माझ्याकडे होते. मी उठून म्हणाले, "माझ्या वहीत फक्त अडखळण्याच्या रेघा असतात. बाईंच्या नावापुढे एकच रेघ आहे. 'पन' हे अडखळणे नव्हे. ते त्यांचे गाव आहे." खानदेश-वऱ्हाडातल्या कितीतरी बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो. बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली छापून निघाली, तीही असल्याच बोलीतली. ती आम्ही वर्गात भक्तिभावाने शिकवायची आणि तोच उच्चार आमच्या कचेरीतल्या बाईंच्या तोंडून आला की त्यावर लाल शाई चालवायची, हा कुठला न्याय? माणसाला बोलते करायचे आणि बोलल्याबरोबर त्याचा उच्चार हिसकावून घ्यायचा, असे झाले तर मंडळ न काढलेलेच बरे. सहकारी समंजस होते. त्यांनी मान डोलावली आणि तो प्रश्न तिथेच संपला.

पुढच्याच महिन्यात बाईंच्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा होती. अशा सभांत ठराव आधीच झालेला असतो. हात तेवढे वर व्हायचे असतात. बाई दोन बुधवार आमच्यासमोर सराव करीत होत्या. विषय आम्ही दिलेला नव्हता. तीन प्रश्न, दोन मिनिटे. बाहेर राहण्याचे भाडे किती महिने मिळणार? काम रखडले तर पुढे ते कोण देणार? आणि हे सारे कोणत्या कागदावर लिहिले आहे?

सोमवारी त्यांनी हकीकत सांगितली. प्रश्न विचारल्यावर सभेत शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चौथा प्रश्न विचारला. मग कोणी पाचवा. शेवटी करारनाम्याचा मसुदा प्रत्येक सभासदाच्या हाती पडेपर्यंत मतदान पुढे ढकलण्यात आले. "तो चौथा प्रश्न ऐकला, तेव्हा मला बरं वाटलं," बाई म्हणाल्या. वक्तृत्वाची याहून चांगली व्याख्या माझ्या वाचनात आलेली नाही.

आपल्याकडे व्याख्यानांची परंपरा काही लहान नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. तेव्हापासून आपण पिढ्यान्‌पिढ्या सतरंजीवर आणि खुर्च्यांवर बसून मोठमोठ्यांना ऐकत आलो. आपण उत्तम श्रोते झालो, यात शंकाच नाही. पण शेजारी बसलेल्यालाही काही सांगायचे असेल, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात आले नाही. तिकडे अमेरिकेत तरी निराळे काय होते? टोस्टमास्टर्समध्ये बायकांना रीतसर प्रवेश मिळायला 1973 साल उजाडावे लागले. त्याआधी, 1970 साली, हेलन ब्लँचर्ड या बाईंचे नाव 'होमर' असे पुरुषी नोंदवून त्यांना आत घ्यावे लागले होते. पुढे 1985 साली याच बाई त्या जगभरच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या! दार उघडायला उशीर होतो. बोलणारे माणूस मात्र आत तयारच असते.

आमच्या बाई आता अधूनमधून भाषण करतात. पण घड्याळाचे काम त्यांनी सोडलेले नाही. गेल्या बुधवारी प्राचार्य मुद्दाम आमच्या सभेला आले. "मी दोनच शब्द बोलणार आहे," अशी त्यांनी सुरुवात केली आणि पाहता पाहता संस्थेच्या स्थापनेपासूनचा इतिहास सुरू झाला. हिरवा पुठ्ठा दिसला, पिवळा दिसला. सातवे मिनिट भरले तशा खिडकीतल्या बाई जागेवरून उठल्या, दोन पावले पुढे आल्या आणि त्यांनी शांतपणे लाल पुठ्ठा प्राचार्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

प्राचार्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडले, हसून हात जोडले आणि ते खाली बसले.